ह्यू मिलर व त्याचे क्रोमार्टी गाव

स्कॉटलंड देशाच्या ईशान्य भागी ब्लॅक आयल नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या अगदी टोकाशी क्रोमार्टी हे लहानसे बंदर वसले आहे. खाडीच्या मुखाशी दोन उंच कडे चौकीदारांप्रमाणे समोरासमोर उभे आहेत; त्यांस सूटर्स म्हणतात. वादळात सापडलेली गलबते ह्या दोहोंमधून आत शिरली म्हणजे निर्भय होत. ह्या गावी 10 ऑक्टोबर 1802 रोजी ह्यू मिलर जन्मास आला. आमच्या मंडळ्यांत दगड फोडून पोट भरणारे बंधू पुष्कळ आहेत, म्हणून ह्या पाथरवटाची हकिगत त्यांस सांगावी असे आम्हांस वाटले.

बाप गलबताचा तांडेल होता. 1807 साली तो गलबतासह समुद्रात नाहीसा झाला. तेव्हा ह्यू पाच वर्षांचा होता. आईने शिवणकाम करून मुले पोसली. दोघा मामांनी भाच्याचा सांभाळ केला, आणि त्यांपैकी एकाने त्यास समुद्रकाठी हिंडवून शिंपले, खेकडे, खडक ओळखावयास शिकविले. शाळेत मात्र त्याचे लक्ष नसे. शेवटी मास्तरांशी झोंबी होऊन त्याने शाळा सोडली, व सतराव्या वर्षी हाती छिन्नी-हातोडा घेतला.

त्या काळी क्रोमार्टी भरभराटीत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज रॉस नामक जमीनदाराने तेथे धक्का बांधला, तागाचे कापड विणण्याचा कारखाना घातला, न्यायालय उभारले, व डोंगराळ मुलुखातून कामास आलेल्या लोकांकरिता त्यांच्या गेलिक भाषेतील उपासनेसाठी निराळे मंदिर बांधून दिले. पुढे व्यापार ओसरला, आगगाडीही गावापर्यंत पोहोचली नाही. त्यामुळेच की काय, ती जुनी घरे व गल्ल्या अद्याप जशाच्या तशा उभ्या आहेत.

खाणीतील पहिल्याच दिवसांत मिलरने तांबड्या दगडाचा एक थर उघडा केला. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा लाटांच्या रेघा होत्या! कोरड्या खाणीत समुद्राच्या खुणा कोठून आल्या, हा प्रश्न त्यास सोडीना. काम आटोपले की तो किनाऱ्यावर दगड फोडीत बसे. तेथे त्यास दगडात रुतलेले विचित्र मासे सापडले. त्यांपैकी पंखांसारखे अवयव असलेल्या एका माशास विद्वानांनी पुढे मिलरचेच नाव दिले. हे मासे 38 कोटी वर्षांहून जुने आहेत असे आज मानतात. सृष्टीच्या उत्पत्तीचे दिवस म्हणजे दीर्घ युगे होत, असे मिलरचे मत होते. एका जातीपासून दुसरी जाती होते हे मात्र त्याने कधीही मानले नाही. त्या बाबतीत आजचे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूचे नाहीत.

दगडाच्या धुळीने त्याचे फुप्फुस कायमचे दुखावले. 1834 साली तो गावच्या बँकेत हिशेबनीस झाला, 1837 साली लिडिया फ्रेझर हिच्याशी त्याचा विवाह झाला. थोड्याच काळात त्यांची तान्ही मुलगी वारली. तिच्या थडग्याचा दगड बापाने स्वतः घडविला; त्याच्या हातचा तो शेवटचा दगड म्हणतात.

मंडळीने पाळक कोणास नेमावे, हे जमीनदाराने ठरवावे काय? ह्या प्रश्नाने तेव्हा सारा स्कॉटलंड पेटला होता. 1839 साली मिलरने मंडळीच्या बाजूने एक पत्रक छापले, व 1840 च्या आरंभी एडिंबरो येथील विटनेस पत्राचा तो संपादक झाला. 18 मे 1843 रोजी 450 हून अधिक पाळकांनी पगार, घर व मंदिर ह्यांवर पाणी सोडून फ्री चर्च स्थापिले. लोकमत तयार करण्यात ह्या पाथरवटाच्या लेखणीचा वाटा मोठा होता. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सनसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीही तोच पक्ष धरला, आणि जुन्या मंडळीच्या मालकीच्या इमारती सोडून काम पुन्हा उभारिले.

ह्यापुढील गोष्ट दुःखाची आहे. अतिश्रमाने व आजाराने मिलरचे डोके बिघडू लागले. बुद्धी जाते की काय, ह्या भीतीने त्यास ग्रासले. 1856 च्या डिसेंबरात, 23 तारखेच्या रात्री किंवा 24 च्या पहाटे, एडिंबरोजवळ पोर्टोबेलो येथील घरी त्याने पिस्तुलाने आपला अंत केला. हे लपवावे असे कित्येकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. वैद्यांनी तपासून मेंदूचा विकार असल्याचे सांगितले. त्याच्या मंडळीनेही त्यास परके केले नाही. ज्या ग्रेंज स्मशानभूमीत फ्री चर्चचे पुढारी डॉ. चामर्स निजले आहेत, तेथेच मोठ्या जनसमुदायाने त्यास पोहोचविले.

क्रोमार्टीस जाणारे लोक त्याच्या पणजोबाने बांधलेले गवती छपराचे घर पाहतात. शेजारी त्याचे संग्रहालय आहे. टेकडीवर उंच खांबावर 1859 साली उभारलेला त्याचा पुतळा आहे. खाडीच्या मुखाशी डॉल्फिन मासे उड्या मारताना दिसतात. गावाबाहेरील जुन्या स्मशानभूमीत त्या तान्ह्या मुलीचा दगडही आहे.