फादर बेनितो विन्येस : वादळाची चाहूल लोकांपर्यंत पोहोचवणारे येशूसंघीय

चक्रीवादळ थोपवणे मानवाच्या हाती नाही. परंतु त्याची पूर्वसूचना वेळीच मिळाली तर असंख्य प्राण वाचू शकतात. ह्या एका ध्येयासाठी क्युबा बेटावर तेवीस वर्षे अखंड परिश्रम करणारे शास्त्रज्ञ-धर्मगुरू म्हणजे येशूसंघीय फादर बेनितो विन्येस.

त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील पोबोलेदा ह्या गावी झाला. १८५६ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर स्पेनमधून येशूसंघीयांना हद्दपार करण्यात आले, तेव्हा तेही फ्रान्सला गेले. १८७० साली त्यांची हवाना येथील बेलेन महाविद्यालयाच्या वेधशाळेचे संचालक म्हणून नेमणूक झाली. बेलेन हे बेथलेहेमचे स्पॅनिश नाव होय.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मातान्झास शहराला चक्रीवादळाने झोडपले. मुसळधार पावसाने नद्यांना महापूर आला आणि शेकडो लोक प्राणास मुकले. अशी संकटे अवचित येतात, असेच तेव्हा मानले जाई. फादरांनी मात्र त्यांच्या पूर्वखुणा शोधण्याचा निश्चय केला. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, दिवसातून दहा वेळा ते हवेचा दाब, वारा, आर्द्रता आणि ढगांची गती नोंदवीत. वादळ शमल्यावर ते उद्ध्वस्त भागांत जात आणि उन्मळून पडलेली झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत हेही टिपून घेत.

ह्या निरीक्षणांतून एक महत्त्वाचे सूत्र त्यांच्या हाती लागले. चक्रीवादळात समुद्रालगतचे वारे केंद्राकडे आत ओढले जातात, तर उंचावरील वारे बाहेर फेकले जातात. त्यामुळे वादळ दूर असतानाच पिसांसारखे विरळ ढग आकाशात पसरू लागतात. ते ज्या बिंदूपासून फाकलेले दिसतात, त्या दिशेला वादळाचे केंद्र असते. उपग्रह आणि रडार नसलेल्या त्या काळात ही खूण अमोल होती.

११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी हवानाच्या वृत्तपत्रांतून वादळाचा इशारा दिला. दोन दिवसांनी ते क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन धडकले. चक्रीवादळाचा हा पहिला ज्ञात प्रसिद्ध अंदाज मानला जातो. पुढे त्यांनी शेजारच्या बेटांवर निरीक्षक जोडले. त्यांच्याकडील वार्ता तारायंत्राने हवानाला येऊ लागली. १८७७ साली त्यांचा चक्रीवादळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे अमेरिकन नौदलाच्या जलालेखन विभागाने त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. २३ जुलै १८९३ रोजी, आपला अखेरचा ग्रंथ हातावेगळा केल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कार्याचे मोल पुढील एका दुर्घटनेने अधिकच अधोरेखित केले. १८९८ च्या युद्धानंतर क्युबावर अमेरिकेचा अंमल आला. १९०० साली अमेरिकन हवामान खात्याच्या आग्रहावरून क्युबातील हवामानविषयक तारांवर बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या आरंभी क्युबावरून एक वादळ गेले. ते उत्तरेला फ्लोरिडाकडे वळेल, असे त्या खात्याचे मत होते. फादर विन्येस ह्यांचे उत्तराधिकारी फादर लोरेन्झो गांगोइती ह्यांचे मत वेगळे होते : वादळ पश्चिमेला, टेक्सासच्या दिशेने निघाले होते. ८ सप्टेंबर रोजी ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनवर कोसळले. सहा ते आठ हजार, कदाचित त्याहूनही अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आकाशातील खुणा वाचणे हे अर्धेच काम. त्यांचा अर्थ ज्यांच्या डोक्यावर संकट आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणे आणि त्यांनी तो ऐकणे, हे उरलेले अर्धे. फादर विन्येस ह्यांनी ही दोन्ही कामे एकच सेवा मानली. आज उपग्रहांच्या साहाय्याने इशारे कितीतरी आधी मिळतात. परंतु ते ऐकून वेळीच सुरक्षित स्थळी जाणे, हे अजूनही माणसाच्याच हाती आहे.