कॉपी करताना चुकतंय? मग ते काम मशीनलाच द्या! ग्रेस हॉपर यांची गोष्ट

पेणच्या गणपती कारखान्यात गेला असाल तर साचा पाहिलाच असेल. मूळ मूर्ती घडवायला कारागिराचे बरेच दिवस जातात. पण एकदा साचा तयार झाला की त्यातून तशाच कितीतरी मूर्ती निघतात. सोंड दर वेळी नव्याने घडवावी लागत नाही. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच.

वेबसाइट बनवणारेही हेच करतात. लॉगिनचा फॉर्म, पेमेंटचं बटण, क्लाउडवर सर्व्हर सुरू करायच्या सूचना, या सगळ्याचे कुणीतरी आधी लिहून ठेवलेले तुकडे असतात. रोह्यात घरी बसून साइट लाइव्ह करणारा मुलगा सगळा कोड स्वतः लिहीत नाही. या सवयीचं मूळ शोधत गेलं की एक नाव हमखास येतं, ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी ते उघडलं. परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती!

वासर कॉलेजात नोकरी करतानाच १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. दुसरं महायुद्ध सुरू असताना त्यांना नौदलात जायचं होतं. वजन नियमापेक्षा कमी भरलं, तरी सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना हार्वर्डला मार्क वन या सुमारे १५ मीटर लांबीच्या यंत्रावर पाठवलं गेलं.

खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या आणि त्यांचे सहकारी चाललेला कोड वहीत लिहून ठेवत. पुन्हा गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. म्हणजे अगदी आपलं कॉपी-पेस्ट, फक्त पेन्सिलीने. आणि घोळही तिथेच व्हायचा. उतरवताना एक आकडा चुकला की सगळं गणित बिघडायचं. पुढे युनिव्हॅक संगणकावर काम करताना आणखी एक डोकेदुखी आली. जुना तुकडा नव्या जागी बसवायचा तर त्यातले मेमरीचे पत्ते बेरीज करून बदलावे लागत.

हॉपर यांचं म्हणणं साधं होतं. नक्कल आणि बेरीज माणसाला नीट जमत नाही, मशीनला जमते. मग हे काम आपण का करतोय?

१९५२ च्या सुमारास त्यांची ए-झिरो ही प्रणाली चालू झाली. कोडचे तुकडे टेपवर साठवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि लागणारी माहिती द्यायची. तुकडा शोधून, पत्ते बदलून, अख्खा प्रोग्राम जोडायचं काम संगणकाचं. आज आपण पॅकेजचं नुसतं नाव टाकतो आणि ते इन्स्टॉल होतं, तो याचाच पुढचा अवतार.

पण तेव्हा लोकांना हे पटेना. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा बनवेल, असा सगळ्यांचा समज. हॉपर मागे हटल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत सूचना घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या टीमने बनवली. १९५९ मध्ये काम सुरू झालेली कोबोल बरीचशी तिच्यावर उभी राहिली. कोबोल आजही बँकांच्या कामात टिकून आहे.

जाता जाता, यंत्रात अडकलेल्या पतंगावरून त्यांनीच बग हा शब्द काढला, असे मेसेज फिरतात. ते खरं नाही. १९४७ मध्ये मार्क टू यंत्रात पतंग सापडला होता, पण तो त्यांनी शोधला नव्हता आणि शब्द त्याआधीपासूनच वापरात होता.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! शेवटी निवृत्त झाल्या तेव्हा त्या रिअर ॲडमिरल होत्या, वय ७९. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. त्याआधीची कित्येक वर्षं त्या भाषणांना जाताना फूटभर लांबीच्या तारा घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापू शकते, हे डोळ्यांना दिसावं म्हणून.