ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण पूर्वजांचें स्मरण करितों. त्यांत ज्यांनीं आपल्या श्रद्धेला मराठी वाणी दिली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांस विसरून कसें चालेल? त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं तेथें कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें झालें होतें. त्यांनीं स्वदेश सोडला, १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोहोंचले. पुढें सुमारें ४० वर्षें त्यांनीं गोव्यांतच, विशेषतः साष्टी प्रांतांत, सेवा केली.

त्या साष्टींत पोर्तुगीज अमलाखालीं जुन्या पुराणांस बंदी झाली होती. नवख्रिस्ती जनांस बाप्तिस्मा मिळाला. परंतु सणावारीं गावयास, मुलांबाळांसह ऐकावयास त्यांच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें. एका ब्राह्मण श्रोत्यानें ही उणीव पाद्रीबाबांपुढें मांडल्याचें ग्रंथारंभींच सांगितलें आहे. ज्या घरांतून गाणें गेलें, त्या घरांत श्रद्धा कशी रुजावी?

हें दुःख जाणून फादरांनीं ख्रिस्तपुराण रचिलें. सुमारें ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापिला गेला. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, आणि उपमाही याच भूमीच्या. मराठीची थोरवी गातांना या परदेशी धर्मगुरूस मोगरा, कस्तुरी, मोर व कल्पतरु आठवले. स्वर्गासाठीं त्यांनीं वैकुंठ हाच शब्द घेतला. जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही येईल, हें भय होतेंच. परंतु शब्द ओळखीचा ठेवून त्यांत नवा अर्थ कथेनें भरावा, हा मार्ग त्यांनीं पत्करिला. स्वतः प्रभूनेंही मोहरीचा दाणा आणि हरवलेलें मेंढरूं दाखवूनच स्वर्गराज्य समजाविलें नाहीं काय?

१६१९ सालीं फादर स्टीफन्स प्रभुचरणीं विलीन झाले. १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापिलें गेलें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडून देण्याचा हुकूम काढिला. त्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्या राहिल्या. त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापिला गेला, आणि १९५६ सालीं पुण्याहून तो देवनागरींत निघाला.

बंधुभगिनींनो, छापलेलें नाहींसें झालें; प्रेमानें उतरलेलें टिकलें. ती ओवी आपल्या घरांत, मुलांच्या ओठीं, पुन्हां उमटो, हीच या शुभदिनीं प्रभुचरणीं आमची प्रार्थना.