तरुण शिक्षक डिरोझिओ

इ. स. १८२६ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात एक नवे शिक्षक रुजू झाले. त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. समोर बसलेल्या काही विद्यार्थ्यांहून ते फारसे मोठे नव्हते. त्यांचे नाव हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ.

डिरोझिओंचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांच्या घराण्यात पोर्तुगीज व भारतीय रक्ताचा संगम झाला होता. भारत हीच आपली मातृभूमी, असे ते मानीत व तिच्यावर इंग्रजीत कविता रचीत. ड्रमंड नावाच्या विद्वान गुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे काही काळ त्यांनी भागलपूरला निळीच्या मळ्यावर काम केले. तेथून परतल्यावर ते शिक्षक झाले.

त्यांची शिकविण्याची रीत निराळी होती. धडा पाठ करून घेण्यावर त्यांची भिस्त नव्हती. एखादा प्रश्न निघाला की ते त्याच्या दोन्ही बाजू मुलांपुढे मांडीत आणि निर्णय मुलांनीच विचार करून घ्यावा, असे सांगत. १८२८ च्या सुमारास त्यांनी एक वादसभा स्थापन केली. देशप्रेम, सत्य, दैव, मूर्तिपूजा अशा विषयांवर तेथे विद्यार्थी निर्भयपणे बोलत.

या शिकवणुकीने तरुणांची मने जागी झाली. परंतु काहींनी उतावीळपणे जुने आचार मोडले. घरोघरी कलह माजला. गावात नाना अफवा उठल्या. डिरोझिओ देव मानीत नाहीत, आईबापांचा मान राखू नका असे ते मुलांना शिकवितात, अशी कुजबूज सुरू झाली. काही पालकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली. तेव्हा चालक मंडळी घाबरली.

एप्रिल १८३१ मध्ये चालकांची सभा भरली. डिरोझिओ मुलांना शिकविण्यास अपात्र आहेत काय, हा पहिला प्रश्न होता. बहुतेक सभासदांनी तसे म्हणण्यास नकार दिला. दुसरा प्रश्न असा, की लोकमत बिघडलेले असताना त्यांना दूर करणे इष्ट आहे काय? येथे मात्र बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. दोष सिद्ध झाला नाही, तरी नोकरी गेली. ज्यांच्याविषयी हा निर्णय झाला, त्यांना आपली बाजू मांडण्यास कोणी बोलावलेही नाही.

२५ एप्रिल रोजी डिरोझिओंनी राजीनामा दिला. आपली चौकशी न करता व आपले म्हणणे न ऐकता हा निर्णय झाला, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. त्यानंतर चालकांपैकी डॉ. विल्सन यांनी पत्र पाठवून त्या आरोपांविषयी विचारले. डिरोझिओंनी ते सर्व आरोप नाकारले. ईश्वराविषयीच्या शंका आपण वर्गात सांगितल्या, हे त्यांनी लपविले नाही. मात्र त्या शंकांना विद्वानांनी दिलेली उत्तरेही आपण तितक्याच आस्थेने शिकविली, असे त्यांनी कळविले. एकच बाजू शिकविणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते.

नोकरी गेली तरी त्यांची लेखणी थांबली नाही. त्यांनी एक वर्तमानपत्र सुरू केले. परंतु त्याच वर्षी त्यांना पटकीने गाठले. २६ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी पेरलेले बीज मात्र वाया गेले नाही. कृष्णमोहन बॅनर्जी विद्वान ग्रंथकार झाले. रामतनू लाहिडी थोर शिक्षक म्हणून नावाजले. राधानाथ सिकदार यांचे नाव एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी कायमचे जोडले गेले. पुढे १८५५ मध्ये हिंदू कॉलेजातूनच प्रेसिडेन्सी कॉलेज उभे राहिले. ज्या संस्थेने डिरोझिओंना पाच वर्षांत निरोप दिला, तिच्या इतिहासात आज त्यांचेच नाव अभिमानाने घेतले जाते. भयापोटी घेतलेला निर्णय एका शिक्षकाचे पद हिरावू शकला; त्याने लावलेली विचार करण्याची सवय मात्र विद्यार्थ्यांपासून कोणालाही हिरावून घेता आली नाही.