फ्रँक पार्सन्स : व्यवसाय-मार्गदर्शनाचे जनक

शाळा संपत आली की पुढे कोणता व्यवसाय पत्करावा, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करण्याची वाट ज्यांनी घालून दिली, त्या फ्रँक पार्सन्स यांना स्वतःची वाट मात्र फार उशिरा सापडली.

त्यांचा जन्म १८५४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात झाला. अठराव्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून ते इंजिनियर होऊन बाहेर पडले. परंतु १८७३ च्या मंदीच्या लाटेत त्यांची रेल्वे कंपनी बुडाली आणि पोटासाठी लोखंडाच्या कारखान्यात मजुरी करण्याची पाळी आली. पुढे ते शाळामास्तर झाले. नंतर वकिलीकडे वळले, तेव्हा तीन वर्षांचा अभ्यास त्यांनी एका वर्षात वाचून काढला. १८८१ साली सनद मिळाली खरी, पण प्रकृती पार ढासळली आणि काही वर्षे न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत काढावी लागली. हे वाचन कितीही कौतुकास्पद असले तरी अनुकरणीय खचित नव्हे!

त्यानंतर बोस्टनमध्ये ते कायद्याचे अध्यापक व ग्रंथकार म्हणून नावारूपास आले. त्या शहराच्या उत्तर भागात परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची दाट वस्ती होती. तेथील मुले हाती लागेल ते काम धरीत व सोडीत. अशा तरुणांसाठी पार्सन्स यांनी १३ जानेवारी १९०८ रोजी व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. आलेल्या तरुणाने आधी स्वतःला ओळखावे, मग निरनिराळे व्यवसाय समजून घ्यावेत आणि शेवटी दोहोंचा मेळ घालावा, अशी त्यांची रीत होती. तू काय वाचतोस, हेही ते आवर्जून विचारीत. ज्या धंद्याची ओढ असेल त्यात नाव कमावलेल्यांची चरित्रे वाचावयास सांगत.

परंतु सल्ला देणारा स्वतःच अजाण असेल तर? एका चुकीच्या शब्दाने मुलाची उमेदीची वर्षे फुकट जावयाची. म्हणून मार्गदर्शकाला नुसता कनवाळूपणा पुरत नाही, असे पार्सन्स यांचे ठाम मत होते. कोणत्या उद्योगात माणसांची मागणी वाढते आहे, कोणता मागे पडतो आहे, वेतन काय, शिक्षण कोठे मिळते, हे त्याने अहवाल, खानेसुमारीचे तक्ते आणि ग्रंथ चाळून सतत जाणून घेतले पाहिजे. अशा मार्गदर्शकांना तयार करण्यासाठी त्यांनी बोस्टनच्या वाय. एम. सी. ए. मध्ये अभ्यासवर्गाचीही योजना आखली.

तो वर्ग चालविण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. कचेरी उघडून नऊ महिने होतात न होतात तोच, २६ सप्टेंबर १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या त्यांच्या लिखाणाचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले, आणि बोस्टनच्या शाळांतून मार्गदर्शक म्हणून नेमलेले शिक्षक या नव्या कामाला लागले.