प्राण्यांकडून माणसाकडे जाताना : जे. बी. एस. हॉल्डेन

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५९ साली पक्ष्यांविषयी एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. पक्ष्यांना न मारता त्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा करता येईल, हा त्याचा विषय. लेखक मात्र पक्षितज्ज्ञ नव्हते. उत्क्रांतीला गणिताची भाषा देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत ज्यांची गणना होते, ते जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन तेव्हा कोलकात्यात राहत होते आणि धोतर-कुडता घालून वावरत होते.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणींतील विषारी वायूंचा शोध घेताना ते आपल्या लहान मुलालाही बरोबर नेत. प्रयोग आधी स्वतःवर करावा, हा धडा तिथेच मिळाला. पुढे हॉल्डेन यांनी रक्तातील आम्लाचे प्रमाण बदलणारी रसायने स्वतः घेतली, दाबपेटीत स्वतःला कोंडून घेतले आणि झटका येऊन मणक्यांना इजाही करून घेतली. यामागे निव्वळ धाडस नव्हते. सशाला काय वाटते, डोके दुखते की श्वास कोंडतो, हे ससा सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो. प्राण्यावरून माणसाविषयी अनुमान काढण्याची मर्यादा त्यांनी अशी प्रथम आपल्या शरीरावर अनुभवली.

विशेष म्हणजे त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि अभिजात ग्रीक-लॅटिन विद्यांचे अध्ययन केले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात ते जखमी झाले आणि उपचारांसाठी त्यांना भारतात आणण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्याच्या रुबाबात नव्हे, तर इथल्या लोकांशी बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी त्या वेळी मनाशी ठरवले होते. त्याला चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात केंब्रिज आणि लंडन येथे त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. १९२४ पासूनच्या निबंधमालेतून त्यांनी नैसर्गिक निवडीचे गणित मांडले. परंतु त्याच काळात या विज्ञानाची दुसरी बाजूही उघडी पडत होती. पाळीव जनावरांच्या पैदाशीचे नियम माणसांना लावून कोणाला संतती व्हावी आणि कोणाला होऊ नये, हे ठरवू पाहणारे लोक अनेक देशांत होते. नाझी जर्मनीत तर तो कायदाच झाला. आनुवंशिकीच्या आधारे असे निर्णय घेण्याइतके ज्ञान कोणाकडेही नाही, हे हॉल्डेन यांनी १९३८ मध्ये ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात सविस्तर दाखवून दिले. त्यांची स्वतःची राजकीय निष्ठाही निर्दोष नव्हती. कम्युनिस्ट पक्षावरील श्रद्धेपोटी सोव्हिएत संघातील लायसेंकोच्या प्रकरणात ते फार काळ स्पष्ट बोलले नाहीत. हा डाग त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

१९५० नंतर त्यांचे लक्ष प्राण्यांच्या वर्तनाकडे वळले. पत्नी हेलन स्परवे या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होत्या. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ उलगडला होता : पोळ्यावर नाचताना माशी उभ्या रेषेशी जो कोन करते, त्यावरून सूर्याच्या संदर्भात फुलांची दिशा इतर माश्यांना समजते. या नृत्यातून किती माहिती पोहोचते, याचे मोजमाप हॉल्डेन दांपत्याने १९५४ मध्ये केले. त्यासाठी लागणारे माहितीशास्त्र दूरसंचार अभियंत्यांनी नुकतेच घडवले होते. मग हे नृत्य म्हणजे भाषा का? उडण्यापूर्वी पक्षी किंचित दबतो, तशीच ही पुढच्या उड्डाणाची पूर्वहालचाल असून ती उत्क्रांतीत ठाशीव, विधिवत झाली आहे, असे त्यांचे मत होते. माशी गेलेल्या प्रवासाची हकीकत सांगत नाही. ती निघण्याच्या तयारीत असते.

१९५५ मधील त्यांचा एक युक्तिवाद आज पाठ्यपुस्तकांत आहे. पुरात बुडणाऱ्या मुलाला वाचवण्यास प्रवृत्त करणारे एखादे जनुक असेल आणि उडी घेणारा दहातून एकदा बुडत असेल, तर मूल स्वतःचे असल्यास ते जनुक पसरेल. चुलत भावंड असल्यास लाभ नगण्य राहील. हिशेब चोख होता. पण आपण स्वतः दोनदा माणसांना पाण्यातून बाहेर काढले, तेव्हा असा हिशेब करायला वेळच नव्हता, हेही त्यांनी तिथेच नमूद केले.

पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये हक्सले स्मृती व्याख्यान देताना त्यांनी हाच विषय समोर ठेवला : प्राण्यांवरून माणसाविषयी कितपत बोलता येते? प्राण्यांविषयीचे निष्कर्ष माणसावर लादू नयेत. मात्र प्राण्यांचे निरीक्षण करण्याच्या पद्धती माणसाच्या अभ्यासात उपयोगी पडतील, अशी त्यांची भूमिका होती. शरीरशास्त्र, आनुवंशिकी आणि मानववंशशास्त्र या तिन्ही प्रांतांत वावरलेल्या माणसाचा हा सावधपणा होता.

१९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. कारण विचारता ते ब्रिटनच्या सुएझवरील आक्रमणाचे नाव घेत. पायमोज्यांचा कंटाळा आला, असेही सांगत. त्यांनी शाकाहार स्वीकारला आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. माणूस आणि इतर जीव यांच्यात पाश्चात्त्य परंपरेने उभारलेली भिंत भारतीय विचारात तेवढी उंच नाही, हे त्यांना भावले होते. महागडी उपकरणे नसली तरी डोळे, वही आणि चिकाटी यांच्या बळावर विज्ञान होते, असे ते तरुण सहकाऱ्यांना शिकवीत. त्यांपैकी एकाने पारिजातकाच्या पाकळ्या मोजून संशोधन केले. पुढे संस्थेच्या नेतृत्वाशी मतभेद झाल्याने त्यांनी ती सोडली आणि १९६२ मध्ये भुवनेश्वरला ओडिशा सरकारच्या साहाय्याने स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली.

तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिव काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आले. पुढच्या वर्षी सोसायटीच्या त्याच नियतकालिकात त्यांचे सहकारी सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांचा पीतमुखी टिटवीवरील अभ्यास छापून आला : ऐन कोरड्या ऋतूत, उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचा.