बुडीत खात्यातले झुडूप

बँकेच्या नोकरीत मी माणसे खात्यावरून ओळखायला शिकलो. त्या हिशेबाने विल्यम बार्ट्रम म्हणजे शुद्ध बुडीत खाते. फिलाडेल्फियाजवळ १७३९ साली जन्मलेला हा मुलगा चित्रे सुरेख काढी; पण व्यापार केला तो बुडाला, फ्लोरिडात मळा केला तोही बसला. वडील जॉन इंग्लंडच्या राजाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पोराचे कसे होणार, याचा त्यांना घोर. कर्जाचा अर्ज माझ्यापुढे आला असता तर मी नाकारलाच असता. आजही नाकारीन.

१७६५च्या ऑक्टोबरात जॉर्जियातल्या अल्टामाहा नदीकाठी या बापलेकांना एक अनोळखी झुडूप आढळले. पुढे विल्यम एकटा तिथे परतला. पांढरी सुवासिक फुले, मधोमध सोनेरी केसरांचा झुबका! त्याने बी आणून घरच्या बागेत रुजवले. कूळ चहाचे, हे खरे. पण गॉर्डोनिया या जवळच्या प्रजातीत ते काही बसेना. अखेर १७८५ साली नात्यातल्या हम्फ्री मार्शल यांनी स्वतंत्र प्रजाती छापून जाहीर केली. स्नेही बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून नाव पडले फ्रँकलिनिया अलाटामाहा. त्या प्रजातीत ही एकच जाती.

१८०३ नंतर रानात ते कोणालाही दिसलेले नाही. आज बागांतून जे आहे, ते त्या बियांचेच वंशज मानतात.

विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले, ते विल्यमने प्रकृतीचे कारण सांगून नाकारले. लग्नही केले नाही. भावाच्या बागेत खुरपे घेऊन राहिला, आणि २२ जुलै १८२३ रोजी तिथेच गेला.